बडी बीच्या मापाचं गेट

कुलूप शाबूत, कडी शाबूत आणि आतल्या दोन देगी गायब. अशा वेळी गाव काय बोलतं ते सांगायला नको. चावी एकच, तीही माझ्या कमरेला. मग चोर शोधायला लांब कशाला जायचं!

आमच्या मोहल्ल्याचा देगखाना मशिदीच्या मागे आहे. जांभ्या दगडाची एक खोली, वर स्लॅब, पुढे लोखंडी गेट. आत तांब्याच्या देगी, म्हणजे शेकडो माणसांचं शिजवायची मोठाली भांडी. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावानं एक देग द्यायची असा आमच्याकडे रिवाज आहे. लग्न असो की मयत, त्या देगीत शिजलेलं चार माणसांनी खाल्लं की गेलेल्याला सवाब, म्हणजे पुण्य पोचतं. त्यातली सगळ्यांत मोठी देग माझ्या सासूबाईंच्या नावाची. काठावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. सासूबाईंना गाव बडी बी म्हणायचं, म्हणून देगही बडी बी. दोघींचा घेर साधारण सारखाच होता. चोरांनी नेमकी तीच नेली आणि सोबत एक मधली.

सासूबाई गेल्यापासून चावी माझ्याकडे. कोण देग न घासता परत आणतो, कोण कलईची टाळाटाळ करतो, त्याला मी तोंडावर सुनावते. माझ्या तोंडाला गाव भितं हे मला माहीत आहे आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. पण चोरी झाल्यापासून लोक माझ्यासमोर मूग गिळून बसायचे आणि माझी पाठ वळली की कुजबुजायचे.

जुम्म्याच्या नमाजनंतर मुसअब आमच्या ओट्यावर आला. मुसअब जमातीचा सेक्रेटरी. माझ्या मुलाच्या, तौहीदच्या वयाचा, आमच्याच पडवीत खेळून मोठा झालेला.

"चाची, तुमच्यावर कोण आळ घेत न्हाय," तो म्हणाला.

हे वाक्य माणूस केव्हा म्हणतो ते न कळायला मी काही कालची नाही.

"मग कशाला आलास?"

"चावी द्या. जरा माझ्याकडं ऱ्हाऊ दे. मंतशाचं लग्न झालं की उरलेल्या देगी विकून टाकायच्या, असं लोक बोलतात. अलिबागचा केटरर आपली भांडी घेऊनच येतो. झंझटच न्हाय."

मंतशा माझ्या नणंदेची मुलगी. तिच्या नानीच्या देगीत तिच्याच लग्नाची बिर्याणी शिजणार नव्हती आणि वर हा मला चावी मागत होता. मी कमरेची चावी सोडली आणि त्याच्या तळहातावर आपटली. तो गेल्यावर रागानं रडले. रडले म्हणून आणखी राग आला.

"रडून देग येणार हाय काय?" आमचे हे, म्हणजे करमअली, आतून म्हणाले. "उरलेल्या तरी वाचव. नवं गेट करू, चांगलं भक्कम."

यांचा सगळा जन्म दुबईच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात गेला. येताना वेल्डिंगचं मशीन घेऊन आले, ते पलंगाखाली धूळ खात पडलं होतं. कारण नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि त्या ठिणगीकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"आणि तुमचे डोळे?"

"माझे डोळे बंद. तुझे हात चालू."

मुसअबला विचारलं तर तो म्हणाला, करा की. पण बेतानंच करा, बडी बी गेली, आता एवढं रुंद गेट कशाला? मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. माझं बघणंही पुरतं लोकांना.

आधी जुनं गेट काढायचं होतं. मुसअब चावी घेऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही. हे खुर्ची टाकून बसले होते, मी येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात कमळ आली. कमळ मासळी विकते, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिच्या लेकाच्या हळदीला भात आमच्याच देगीत शिजला होता. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "कोनाची वाट बगतेस गो?"

"चावीची."

"चावी कशाला पायजे? लग्नात गेट उचलतो तसा उचल की!"

यात नवीन काही नव्हतं. नमाजआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या हौदाची भिंत आड येते म्हणून ते गेट कधी पुरतं उघडतच नाही. बडी बी काय त्या फटीतून निघायची? म्हणून गेट मुळातच बिजागरीच्या खिळ्यांवर नुसतं टेकवलेलं. लग्न आलं की कुलूप काढायचं, दोघांनी गेट वर उचलून भिंतीला लावायचं, देग बाहेर घ्यायची आणि गेट परत बसवायचं. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पुरुषाने ते कधी ना कधी उचललेलं आहे.

कमळने खालून धरलं, मी मधून. हूं म्हणून उचललं. बिजागरीकडची बाजू सुटली, कडी आपल्या भोकात फिरली, आणि गेट कुलपासकट एका बाजूला लोंबकळायला लागलं. समोर म्हैस आत जाईल एवढी वाट.

खुर्चीतून हे म्हणाले, "सफुरा, चोराकडं चावी व्हती म्हनत व्हते ना लोक?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दरवेळी आम्ही कुलूप आधी काढायचो, कारण चावी आमच्याकडे होती. ते कुलूप तिथे नुसतं शोभेला आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. पण चोरी माझ्या नावावर चढवायला सगळ्यांची डोकी बरोबर चालली.

माझा स्वभाव असा की तिथेच उभी राहून मोहल्ला डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी जीभ दाताखाली धरली. गेट पुन्हा खिळ्यांवर बसवलं आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजची वाट बघितली. लोक मशिदीतून बाहेर पडले तशी मी हौदाजवळ उभी.

"मुसअब, चावी हाय ना तुझ्याकडं?"

"हाय, चाची. सकाळी यायला जमलं न्हाय..."

"काढू नको. खिशात ठेव आणि खिशावर हात ठेव."

त्याने खरंच ठेवला. मग मी ओढणी खोचली, कमळने पदर खोचला आणि आम्ही सगळ्या जमातीसमोर गेट उचललं. कुलूप लागलेलं, चावी मुसअबच्या खिशात, आणि मी देगखान्याच्या आत उभी.

"आता सांगा," मी आतून ओरडले, "कोन कोन हाय चोर? ज्यानं ज्यानं ह्ये गेट उचललंय त्यानं म्होरं यावं!"

कुणी चपला शोधायला लागलं, कुणी आभाळाकडे बघायला लागलं. कमळ पदरात तोंड घालून हसत होती. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की हज करून आल्यासारखं. मुसअबचा चेहरा मात्र उतरला. त्याने चावी पुढे केली. "चाची, माफ करा."

"ठेव तुझ्याकडंच. बडी बी परत येईल त्या दिवशी घेईन."

"चाची, ती कवाच भंगारात गेली असंल."

"मग चावी तुझीच."

हे मी बोलून गेले खरी, पण त्याचा अर्थ रात्री उमगला. बडी बी नाही आली तर चावीही गेली आणि देगखानाही गेला.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी आत गेले. बडी बी जिथे बसायची तिथे फरशीवर तिचा गोल डाग आहे, वर्षानुवर्षांचा. पण तो तिच्या बुडाचा. पोटाचा घेर मला माझ्या हातांनी माहीत होता. मी हात पसरून दाखवला आणि यांनी फुटपट्टी लावली.

"एवढं रुंद? नसलेल्या देगीसाठी?"

"असलेल्या. ती फक्त घरी न्हाय."

त्यांनी माप वहीत लिहून घेतलं. एका झडपेऐवजी दोन अरुंद झडपा करायच्या म्हणजे हौदाची भिंत आड येणार नाही, ही युक्ती मात्र त्यांची.

मग आमच्या अंगणात शाळा भरली. हे काळा चष्मा लावून माझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि नुसत्या आवाजावरून चुका काढायचे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. "रॉड लांब धरलास! जवळ घे! आता चिकटवलास!" तो चिकटायचाच. तो उपटताना मी वेल्डिंग शोधून काढणाऱ्यापासून यांच्या दुबईपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. माझे पहिले टाके बघून कमळ म्हणाली, "ह्ये काय, कोंबडीनं घान केली जनू." ओढणीला भोकं पडली, हातावर फोड आले. पण एक दिवस वरची काळी खपली ठोकून काढली तर खाली टाका सरळ, एकसारखा, चांदीच्या साखळीसारखा. मी यांचा हात धरून त्यावरून फिरवला.

"बरा हाय," ते म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, यांच्याकडून यापेक्षा मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

खरी मेख बिजागरीत होती. खालचा खिळा वर तोंड करून, वरचा खिळा खाली तोंड करून. गेट खाली उतरत नाही आणि वर चढत नाही. पण म्हणूनच वरचा खिळा गेट बसवल्यावर जागेवरच जोडावा लागतो, स्टुलावर उभं राहून, डोक्याच्या वर हात करून. ठिणग्या बाहीत पडत होत्या. खाली यांनी स्टूल घट्ट धरलं होतं. दोन्ही झडपांचे खिळे मी बिस्मिल्ला म्हणून जोडले आणि खाली उतरले.

मंतशाचं लग्न उरलेल्या देगींवर झालं. दुसऱ्या दिवशी देगी घासून आत ठेवल्या, मुसअबने कुलूप लावलं आणि आख्खा मोहल्ला बस करून नागावला वलीम्याला, म्हणजे नवऱ्याकडच्या जेवणाला गेला. संध्याकाळी परतलो तर देगखान्यापुढे माती उकरलेली. गेटच्या खाली गाडीचा जॅक. चोरांनी गेट वर ढकलून बघितलं होतं. खालचा पाइप धनुष्यासारखा वाकला होता, आणि जॅक त्याच्यात असा रुतला होता की तो तिथेच टाकून पळण्याशिवाय त्यांना इलाज राहिला नसेल. आतल्या देगी जागच्या जागी.

यांनी चष्मा काढला. वाकून, हात लावून, वरचा खिळा बोटांनी चाचपला.

"पाइप वाकला," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या बायकोचा टाका सुटला न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी त्याचा राग आला नाही.

जॅक काढायला चार माणसं लागली. बाहेर आला तर त्यावर पिवळ्या रंगात टेम्पोचा नंबर. गॅरेजमध्ये अदलाबदल होऊ नये म्हणून ड्रायव्हर लोक लिहून ठेवतात. मुसअबने नंबर वाचला आणि कपाळावर हात मारला. तो टेम्पो दर लग्नात आमच्याकडे खुर्च्या आणि मांडव आणायचा. ड्रायव्हर बापडा सावलीत बसून चहा प्यायचा आणि आम्ही गेट कसं उचलतो ते बघायचा. चोराला शिकवणी आम्हीच दिली होती, वर चहाही पाजला होता.

पोलिसांनी त्याच्या शेडमधून बडी बी काढली. मधली बिचारी कापून विकून झाली होती. बडी बीला तोडायला मोठं कटर हवं होतं, ते त्याला मिळालं नव्हतं. सासूबाई जिवंतपणी कुणाला हलवू द्यायच्या नाहीत, मेल्यावरही त्यांनी तेच केलं.

ती आली तेव्हा मोहल्ला गोळा झाला. मुसअबने कुलूप काढलं, मी दोन्ही झडपा उघडल्या. चौघांनी तिला उचलून दारात आणलं. "जाईल काय?" कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी गेटकडे. एका बाजूला बोटभर जागा, दुसऱ्या बाजूला बोटभर. बडी बी गेट न उचलता आत गेली आणि आपल्या डागावर जाऊन बसली.

मुसअबने चावी दोन्ही हातांनी पुढे केली. मी ती घेतली, कमरेला बांधली. मग ओढणीच्या टोकाला बांधलेली दुसरी चावी सोडली. तालुक्याच्या चावीवाल्याला सकाळीच बोलावून कुलपावरून करून घेतली होती. ती त्याच्या हातावर ठेवली, या वेळी न आपटता.

"ही कशाला, चाची?"

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुढच्या वेळी चोरी झाली तर लोकांना दोघांच्या घरी जावं लागेल."