मालखान्यातला बर्फाचा स्केट

अहो, मी इथं कसा काय आलो? रोज सकाळी कुलूप उघडलं की मला हाच प्रश्न पडतो. मी आइस स्केट बोलतोय, उजव्या पायाचा. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या माणसाचा बूट, खाली पोलादाचं लांब पातं. माझी जागा बर्फावर. आणि राहतोय कुठं? पोलीस ठाण्याच्या मालखान्यात! एका बाजूला चोरीचे गॅस सिलिंडर, दुसऱ्या बाजूला गंजलेली तलवार. माझ्या नाडीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलंय आणि त्यावर लिहिलंय, 'धारदार हत्यार'. हत्यार! मी! अजून माझा विश्वास बसत नाही.

माझा जन्म एका थंडगार देशातल्या कारखान्यात झाला. डावा आणि मी, जुळे भाऊ. खोक्यात पडल्या पडल्या आम्ही म्हणायचो, झाकण उघडेल तेव्हा समोर पांढराशुभ्र बर्फ असेल. झाकण उघडलं ते ठाणे शहराजवळच्या दिवा गावात, भर मे महिन्यात! लाइट गेलेली, पंखा बंद, आणि घामानं निथळणारी अख्खी आळी आम्हाला बघायला जमलेली. एक म्हातारी वाकून म्हणाली, "या बुटाना सुरी कनाला लावलीय रं?"

सगळे हसले. कमलेश तेवढा हसला नाही. तो आमचा मालक. आम्हाला मांडीवर घेऊन बसला आणि पात्यावरून फडकं फिरवत राहिला. तेव्हाच मी डाव्याला म्हटलं, गड्या, माणूस बरा दिसतोय.

कमलेश ठाणे शहरात चाकांच्या स्केटवर हॉकी शिकलेला. मग बर्फाचं वेड लागलं. दर हिवाळ्यात आम्हाला पिशवीत घालून लडाख गाठायचा. पहिल्या वर्षी काय आपटलाय, विचारू नका! तिथली पोरं हसायची, "मुंबईवाला फिर गिरा!" हा उठायचा, परत पडायचा. पण गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा नीट वळला ना, तेव्हा माझ्या पात्याखालून बर्फाचा भुगा उडाला. आपण कशासाठी जन्मलो ते मला त्या दिवशी कळलं.

आता माझ्या पात्याबद्दल एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. लोकांना वाटतं आम्ही सुरीसारखे असतो. छे हो! पात्याच्या मधून बारीक पन्हळ जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक कड. त्या दोन कडांवर माणूस वळतो, थांबतो. एक कड गेली तरी खेळ संपला.

गेल्या वर्षी लडाखच्या एका क्लबनं कमलेशला चक्क पगारी खेळाडू म्हणून घेतलं. बर्फावर हॉकी खेळायचा पगार! दिव्यात कुणाचा विश्वास बसेना. त्याचे वडील राघो नुसते म्हणाले, "बरा जाला." जन्म मिठागरात आणि शेतात गेलेला माणूस. शेतावर आता इमारती झाल्या, पण त्यांचा कोयता अजून दाराआड टांगलेला असतो. बापलेकांत बोलणं कमीच. राघोंनी पोराची एकही मॅच पाहिली नव्हती, पण त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ आळीत प्रत्येकाला दाखवून झाला होता.

मग आली खंडेनवमी. ज्याच्यावर घर चालतं त्या अवजारांची पूजा करायची, ही त्यांची रीत. कमलेश सरावाला ठाण्याला गेलेला. राघोंनी कोयता काढला, पहार काढली, कुऱ्हाड काढली, आणि मग जरा थांबून आम्हा दोघांना काढलं. म्हणाले, "पोराचा अवजार तं ह्योच." खरं सांगतो, मला भरून आलं.

त्यांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "आरं देवा, पार बोथट जालीत!"

बाहेर धारवाला सायकलवर चाक फिरवत ओरडत चाललेला. नको हो राघोबाबा, नको! पण माझं कोण ऐकणार? "कोयत्याला लावतंस तशी लाव रं," ते धारवाल्याला सांगत होते, "माजा पोरगा लडाखला चाललाय." ठिणग्या उडाल्या. पन्हळ गेली, दोन कडांची एक झाली. राघोंनी माझ्यावर कागद धरला, कागद सटकन चिरला, आणि ते लहान पोरासारखे हसले. मी स्केटचा कोयता झालो होतो!

संध्याकाळी कमलेश आला. आम्ही पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं लेवून बसलेलो. त्यानं पातं बघितलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"कशी हाय धार?" राघोंनी विचारलं. हातात नारळ, डोळे पोराच्या तोंडावर.

कमलेशनं बापाच्या हातातला नारळ घेतला. मग म्हणाला, "एक नंबर, बाबा."

नंतर पिशवीत भरताना तो आमच्यापाशी पुटपुटला, "लेहला पोचलो की मशीनवर नीट करून घेऊ. बाबांना नको सांगायला." मला वाटलं, चला, निभावलं.

निभावतंय कसलं! निघायच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ जगननं त्याचा सत्कार ठेवला. बॅनर, डीजे, हा एवढा मोठा केक. आमच्याकडे केक तलवारीनं कापायची हौस फार, पण हल्ली त्यावर पोलीस केस करतात. तर जगनचं डोकं बघा! माईकवर ओरडला, "तलवारीनं कापला तर केस होते. आपला भाई स्केटनं कापणार!" टाळ्या, शिट्ट्या. कमलेश नको नको म्हणत होता. पण गाववाले ऐकतात होय? माझं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि मला केकमध्ये खुपसलं. क्रीमनं माखलो. शी!

तेवढ्यात पोरांनी कमलेशला खांद्यावर उचललं. मी त्याच्या हातातच. पोपट नावाचा शेजारी रिक्षावाला मागून उडी मारून त्याच्या तोंडाला केक फासायला आला. कमलेशनं तोंड वाचवायला झटकन हात वर केला. त्या हातात मी होतो.

मला आधी काही कळलंच नाही. मऊ काहीतरी लागलं. मग डीजे थांबला आणि पोपटची किंकाळी ऐकू आली. त्याचा तळहात मी आरपार उघडला होता. माझ्यावर क्रीम होतं, त्यावर रक्त. देवा रे! मी बर्फ कापणारा. माणसाचा हात?

व्हिडिओ सकाळपर्यंत सगळीकडे पोचला. त्यात कमलेश वार करतोय असंच दिसतं. त्यात गणपतीत त्याची नि पोपटची पार्किंगवरून बाचाबाची झालेली. पोपटच्या हाताची शीर तुटली, बोटं वळेनात, रिक्षा बंद. त्याच्या घरचे चिडले, आणि का चिडू नयेत? तक्रार झाली. कमलेशला धरलं, मला पिशवीत घातलं. डावा घरी राहिला.

तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांनी ठाणे शहरातून एका स्केटिंगच्या कोचला बोलावलं. त्यांनी मला उलटं केलं आणि दचकले. "साहेब, बर्फाच्या स्केटला अशी धार कुणी लावत नाही. यावर खेळताच येणार नाही. ही मुद्दाम काढलेली आहे."

साहेब कमलेशकडे वळले, आवाज चढला. "ऐकलंस? म्हणजे ठरवून धार काढली, मग वार केला. कुणी लावली धार?"

कमलेश खाली बघत म्हणाला, "मी."

अरे! मी थक्क! खोटं का बोलतोस रे? त्या एका शब्दानं तुझा खेळ, तुझी नोकरी, सगळं जाईल! पण मला दिसलं तो कुठे बघत होता ते. दाराशी बाकावर राघो बसलेले, मांडीवर जेवणाचा डबा. पोराला जेवू घालायला आलेले.

डबा खाली पडला. भाकरी लादीवर गेली. राघो उभे राहिले. "खोटा बोलतंय पोर. धार मीनी लावली."

"बाबा, तुम्ही बसा!"

"गप रं! खंडेनवमीला लावली, सायब. कोयता बोथट जाला तं धार लावतो ना आपन? मना वाटला, पोराचा अवजार बोथट, तो मागं परंल." मग कमलेशकडे वळले. "तू एक नंबर बोललास ना रं? मना का नाय सांगितलंस?"

कमलेश खाली वाकून लादीवरची भाकरी गोळा करायला लागला. साहेबांनी धारवाल्याला आणायला हवालदार पाठवला.

मुद्दाम धार काढली हा आरोप ढिला पडला. धारवाल्यानंही साक्ष दिली, आणि कमलेशला जामीन मिळाला. पण केस ठाणे शहराच्या कोर्टात चालूच आहे. क्लबनं त्याच्या जागी दुसरा घेतला. सबंध हिवाळा लडाखात बर्फ पडला आणि मी इथं सिलिंडरांशेजारी घामेजून पडलो. पोपटची बोटं अजून पुरती वळत नाहीत. कमलेश त्याला व्यायामाला घेऊन जातो, असं हवालदार बोलताना ऐकलं.

आणि काल पुन्हा खंडेनवमी आली. पोलीस ठाण्यातही शस्त्रपूजा असते, हे मला नव्यानं कळलं. बंदुका मांडल्या, काठ्या मांडल्या. एक हवालदार भाविक. मालखाना उघडून आत आले, तलवारीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मग माझ्याकडे वळले. तेच हळदकुंकू, तसाच झेंडू. मी आतून ओरडत होतो, अहो, मला नको! मी यांच्यातला नाही!

कमलेश त्याच वेळी जामिनाच्या हजेरीची सही करायला आलेला, सोबत राघो. उघड्या दारातून राघोंना मी दिसलो. ते तिथूनच ओरडले, "सायब, त्याला फूल नको!"

हवालदार चमकले. "का हो?"

राघो दारापर्यंत आले. दाराची चौकट धरून म्हणाले, "ते हत्यार नाय. माजे पोराचा पाय हाय तो."

हवालदारांनी माझ्यावरचं फूल अलगद उचलून घेतलं.