भट्टीशेजारचा जनरेटर

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. अणुवीज केंद्राच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत राहतो. समोर माझी शेजारीण, अणुभट्टी. तिला जाड काँक्रीटचा घुमट, दाराशी पहारेकरी. पाहुणे आले की हेल्मेट घालून तिलाच बघायला जातात. माझ्या दाराला कुलूप आणि कुलपाला गंज.

खोटं कशाला बोलू, मित्रांनो? तिला पाहून माझा जळफळाट होई.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा फोरमननं पाठ थोपटली होती, "हा गडी कधी दगा देणार नाही." इथे आल्यावर कळलं, आपलं काम एकच. बाहेरची वीज गेली, तर भट्टीला पाणी पुरवणारे पंप चालवायचे. वीज काही जात नव्हती. महिन्यातून एकदा मिस्त्री येई, मला थोडा वेळ चालवी, धुरानं खोके आणि म्हणे, "झालं, झोप आता." म्हणजे मी तिचा पाणक्या, आणि तोही बिनकामाचा!

मग दोन देशांचं बिनसलं. रेडिओवर रोज तिचंच नाव. एक म्हणे, ती बॉम्बसाठी आहे. दुसरा म्हणे, दिव्यांसाठी. पलीकडच्यांच्या नकाशावर लाल खूण होती, तीही तिच्यावरच. मला त्या खुणेचासुद्धा हेवा वाटला.

एका दुपारी क्षेपणास्त्रं आली. घुमटावर ओरखडाही उठला नाही, पण कुंपणापलीकडचे विजेचे मनोरे कोसळले आणि डिझेलची मोठी टाकी पेटली. भट्टी आपोआप बंद झाली. पण भट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली उष्णता लगेच निवत नाही. पाणी थांबलं तर आतलं उकळून आटतं, इंधन वितळतं, आणि किरणोत्सारी वाफ वारा नेईल तिकडे जाते.

मी धडधडत सुरू झालो. पंप फिरले. माझ्याजवळच्या लहान टाकीतलं डिझेल मात्र भराभर उतरू लागलं. मिस्त्रीनं टँकर चालवणाऱ्या मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, एरवी चहाला बोलावत नाही, आणि आज बॉम्ब पडल्यावर आठवण झाली होय?"

"ये रे बाबा, चहा पाजतो. पण टँकर भरून ये."

"अहो, वर विमानं घिरट्या घालताहेत!"

"आणि खाली गावात तुझी ताई आहे. ही भट्टी तापली, तर पळायला रस्ता पुरायचा नाही कुणाला."

पलीकडून टँकरची किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "साखर जास्त टाका."

माझ्या टाकीत गाळच उरला होता. आवाज अडखळू लागला, पंप मंदावले, आणि फाटकाशी हॉर्न वाजला.

संध्याकाळी रेडिओवर पलीकडचा प्रवक्ता सांगत होता, "हल्ला अचूक झाला. अणुभट्टीला आम्ही धक्काही लावलेला नाही." धापा मी टाकत होतो आणि बातमीत पुन्हा तीच!

पुढे मनोरे उभे राहिले, वीज आली, मला बंद केलं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, तो घुमटाचा.

मी अजूनही तिच्यावर जळतो. जळू द्या मला. माझा मान वाढेल तो दिवस तुमच्यासाठी वाईटच असणार. एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन अशा नकाशावर बोट ठेवलं, तर त्या बोटाखाली नुसती भट्टी नसते. तारा असतात, पंप असतात, आणि भर उन्हात टँकर घेऊन निघालेला कुणाचा तरी भाऊ असतो. बोट उचलून घ्या.