जेनोव्याला, पाच वाजेपर्यंत

सकाळी साडेआठला जहाज जेनोव्याला लागलं आणि आमच्या बत्तिस्तानं जाहीर केलं, "घाई कशाची? पाच वाजेपर्यंत वेळच वेळ आहे!"

पाच वाजता मला इस्पितळात भरती व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी पोटातली गाठ काढायची होती. "गाठ मोठी आहे, बाई. टेबलावर काहीही होऊ शकतं," असं डॉक्टर तोंडावर बोलला होता. आणि हा माझा नवरा हात मागे बांधून बंदरातल्या बोटी बघत निघाला, जसं काही आमचं कालच लग्न झालंय!

त्यानं फोकाच्चा घेतला, तो इथला चपटा खारा पाव. मिठाची बाजू जिभेकडे करून, कॉफीत बुडवून खायला बसला. "खा ना, तेक्ले."

"घशाखाली उतरत नाहीये."

"अगं, माझ्या पणजोबांच्या गावचा फोकाच्चा आहे."

"मग टेबलावरही पणजोबांनाच झोपव."

तो हसला, पण कप ठेवताना कॉफी सांडली. वादळात कधी न घाबरलेला माणूस हा.

मग जुन्या बंदरावरच्या बाकावर दुपारभर बसलो. निरोपाचं बोलायची आम्हाला सवयच नाही. आमच्या बेटावर ट्यूना माशांच्या हंगामात पुरुष निघाले की बायकांनी धक्क्यावर जायचं नाही. निरोप द्यायचा नाही, जाणाऱ्याकडे बघायचं नाही. जाणाऱ्यानंही मागे वळायचं नाही. नाहीतर माणूस परत येत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. चाळीस हंगाम हा फक्त "दार लाव" एवढंच म्हणून गेला.

"खरं सांग," तो एकदम म्हणाला, "कधी खिडकीतून बघितलंस का गं?"

"मी? मला दुसरी कामं नव्हती?"

धडधडीत खोटं. बोट दीपगृहाला वळसा घालेपर्यंत मी माळ्यावरच्या खिडकीला चिकटलेली असायचे, दर वेळी, जीव मुठीत धरून. आणि दर वेळी स्वतःला शिव्या घालायचे, की बये, तूच मारशील त्याला.

साडेचारला इस्पितळाचा चढ चढलो. फाटकाशी त्यानं माझी पिशवी खाली ठेवली. "पाण्याची बाटली आणतो, आलोच," म्हणाला आणि गेला.

पावणेपाच झाले. पाच मिनिटं उरली तरी पत्ता नाही. पळाला! चाळीस वर्षं ज्याचे कपडे वाळत घातले, तो मला या परक्या फाटकात टाकून पळाला! उद्या टेबलावर मेले तर शेवटचं तोंड कुणाचं बघितलेलं असेल? या पहारेकऱ्याचं? तो तिकडे जांभई देत होता.

"बाई, आत चला, उशीर होतोय," तो म्हणाला.

पिशवी उचलली. काचेच्या दारापाशी आले आणि काचेत मागचा रस्ता दिसला. पलीकडे वर्तमानपत्रांच्या टपरीआड बत्तिस्ता उभा होता. टोपी छातीशी धरलेली, मान बाहेर काढलेली. मला निरोप द्यायचा नाही म्हणून लपला होता आणि राहवत नाही म्हणून बघतही होता. चेहरा भीतीनं पांढराफटक पडला होता. उद्या माझं काही झालं, तर हा जन्मभर म्हणत बसणार, मी बघितलं म्हणून गेली.

जाणाऱ्यानं वळायचं नाही, म्हणून मी वळले नाही. पण सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "बघ मेल्या, बघ! डोळे भरून बघ! मी चाळीस हंगाम खिडकीतून बघत होते आणि तू दर वेळी परत आलास!"

पहारेकऱ्याची जांभई अर्धीच राहिली.

"आता दार लाव!" म्हटलं आणि आत गेले.