शेवटचं पाकीट

फ्रिजच्या भाजीच्या खणात, टोमॅटोंच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते पाकीट सहा वर्षं पडून होतं. खण धुताना फोटोग्राफरची बायको ते बाहेर काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. "माझ्या भाजीला जागा नाही आणि ही बया बघा कशी ऐसपैस पसरलीय," असं दर वेळी म्हणायची. पण टाकून द्या असं एकदाही म्हणाली नाही.

आता या पाकिटात काय होतं ते सांगायला हवं. मोठ्या कॅमेऱ्याला रीळ नसतं. एका फोटोला एक फिल्म, तळहाताएवढी. ती मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी चाचपून, एकेका चौकटीत सरकवावी लागते. फोटोग्राफरच्या बोटांना घाम यायचा, फिल्मवर डाग पडायचे. म्हणून लग्नानंतर वर्षभरातच ते काम बायकोकडे गेलं. जिन्याखाली एक बुटकी खोली होती. तिला दार बसवलं बायकोच्या थोरल्या भावानं. तो सुतार, समोरच त्याचं दुकान. दार असं घट्ट बसवलं की आत बसलेल्या माणसाला आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळू नये. त्या खोलीत ती बावीस वर्षं बसली. फोटोग्राफर पूल, गिरण्या, मोठमोठ्या इमारती यांचे फोटो काढायचा आणि त्याची प्रत्येक फिल्म आधी तिच्या बोटांखालून जायची.

मग बाजारात पाकिटं आली. एका पाकिटात एकच फिल्म, कारखान्यातच भरलेली. भर उन्हात पाकीट कॅमेऱ्याच्या पाठीला बसणाऱ्या होल्डरमध्ये खुपसायचं आणि वरचं कागदी कव्हर ओढायचं. फिल्मच्या टोकाला पत्र्याची चिमटी असते, ती आत अडकते, त्यामुळे फिल्म आतच राहते. फोटो काढून झाला की कव्हर पुन्हा खाली दाबायचं. ते चिमटीवर टक् करून बसलं की होल्डरचा खटका फिरवायचा आणि सगळं पाकीट बाहेर ओढायचं. झालं काम.

पाकिटांचा पहिला खोका घरी आणला तेव्हा फोटोग्राफर मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "आता तुला अंधारात बसायला नको."

"म्हणजे सवत आणलीत म्हणा की," ती म्हणाली.

दोघं हसले. जिन्याखालच्या खोलीत गाद्या, डबे, मोडक्या छत्र्या जाऊन बसल्या. ती मात्र कामावर बरोबर येत राहिली. पाकिटावरच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं नंबर लिहायची आणि तो खटक्याला हात घालायच्या आत विचारायची, "दाबलं?" तो म्हणायचा, "दाबलं." तेवढं झाल्याशिवाय पाकीट बाहेर यायचं नाही. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की आपण काही बोलतो हेही त्यांना जाणवत नसे.

पुढे पाकिटं बनायची बंद झाली. फोटोग्राफरचं कामही सरलं. एक पाकीट उरलं, ते त्यानं चांगल्या कामासाठी ठेवलं. आणि चांगलं काम काही केल्या येईना.

ते आलं समोरच्या दुकानातून. सुतारदादाचे गुडघे गेले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यानं दुकान विकलं. मुलगी दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर राहायची, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी गाडी दुपारी चारला येणार होती. सकाळी चहा पिताना फोटोग्राफरच्या एकदम लक्षात आलं, की ज्यानं दार करून दिलं, कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं करून दिलं, त्याचा एकही मोठा फोटो आपण काढलेला नाही. आणि जिनं फिल्म भरल्या तिचाही नाही. जगभराचे दगड टिपले, घरची माणसं तशीच राहिली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

त्यानं टोमॅटो बाजूला केले.

तीन वाजता तिघं रिकाम्या दुकानात होते. सामान गेलं होतं, फक्त जमिनीत पक्कं केलेलं कामाचं बाक होतं. खिडकीतून मऊ उजेड येत होता. सुतारदादा कोट घालून, केस चापून बाकावर बसला. शेजारी बहीण.

"भावोजी, फोनवर काढा की. पटकन होईल," सुतारदादा म्हणाला.

"पटकन होण्यासारखं तुमचं तोंड नाहीये, दादा."

"बघितलंस चिमे? निघायच्या दिवशीसुद्धा!" सुतारदादा बहिणीकडे वळला.

फोटोग्राफर काळ्या फडक्याखाली गेला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या दुधी काचेवर बहीणभाऊ उलटे दिसत होते, डोकं खाली, पाय वर. दोघांची हनुवटी एकसारखी होती. चाळीस वर्षांत हे त्याला कधी दिसलं नव्हतं. त्यानं होल्डर बसवला, पाकीट घातलं, कव्हर ओढलं. फिल्म जुनी, म्हणून उजेड जास्त द्यायचा; तीन सेकंद.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. मी झालं म्हणेपर्यंत श्वाससुद्धा हळू."

दोघं दगड झाले. त्यानं मोजलं. शटर मिटलं. त्यानं कव्हर खाली दाबलं, खटका फिरवला आणि पाकीट बाहेर ओढलं.

हाताला ते हलकं लागलं. त्यानं खालचं टोक बघितलं. पत्र्याची चिमटी नव्हती. कव्हर पुरतं दाबलंच गेलं नव्हतं. रिकामा कागद हातात होता आणि फिल्म कॅमेऱ्याच्या पोटात, उघडी.

होल्डर काढावा तर फिल्म उजेडात जाणार. कव्हर पुन्हा घालावं तर आत फिल्म दुमडणार. होल्डरच्या फटीला उजेड अडवायला मखमलीची पट्टी होती, पण इतक्या वर्षांच्या मखमलीवर कोण विसंबणार? त्यानं काळं फडकं दुहेरी करून होल्डरवर टाकलं आणि तसाच उभा राहिला.

बाकावर दोघं अजून दगडच.

"अगं, तू विचारलं का नाहीस?" तो म्हणाला.

बायकोनं नुसते डोळे मोठे केले.

"अगं बोल की!"

"झालं म्हणालात का? बोलायचं नाही म्हणालात, मी बोलले नाही. टक् झालं नाही ते मला इथं ऐकू आलं होतं."

"आणि गप्प बसलीस?"

"पहिल्यांदा फोटोत बसवलंत. म्हटलं, हलले तर बिघडेल."

सुतारदादा आधी हसायला लागला. मग त्यानं मेहुण्याचं तोंड बघितलं आणि थांबला. "गेला का हो फोटो?"

"गेला नाही. पण काढता येत नाही."

फोटोग्राफरला स्वतःचीच लाज वाटत होती. हातातोंडाशी आलेला घास. पाकीट एक, माणूस निघालेला, आणि चूक पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसाची.

बायको बाकावरून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "कॅमेरा आहे तसा उचला. जिन्याखाली चला."

तिकाटण्यासकट कॅमेरा घेऊन ते रस्ता ओलांडायला निघाले. पुढे फोटोग्राफर, मागे गुडघे दुखणारा सुतारदादा, मध्ये फडकं दोन्ही हातांनी दाबून धरलेली ती. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं विचारलं, "आजोबा, कोण आजारी आहे?"

"उन्हाचं वावडं आहे त्याला," सुतारदादा म्हणाला. "सरक."

जिन्याखालच्या खोलीतून गाद्या निघाल्या, डबे निघाले, चार छत्र्या निघाल्या. कॅमेरा आत ठेवायच्या आधी सुतारदादा म्हणाला, "थांबा. दार माझं आहे. आधी मी बघणार." तो आत बसला, दार लावून घेतलं. पाच मिनिटं आवाज नाही.

"दादा, झोप लागली का?" बहिणीनं विचारलं.

"डोळे सरावू देत की! आता... हां. खाली बिजागरीपाशी उजेडाची रेघ आहे. उंदरानं कुरतडलंय. चाळीस वर्षांत माझ्या दाराला पहिली फट, आणि तीसुद्धा आजच." तो बाहेर आला, अंगातला कोट काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली. "आत बसलीस की हा कोट तिथं दाब. वरची फळीही सैल झालीय, ती मी बाहेरून धरतो."

बायकोनं शिवणाचा डबा आणला. काळ्या पुठ्ठ्याचा, एकावर एक बसणाऱ्या झाकणांचा. जुन्या सुट्या फिल्मचा, उजेड आत न शिरणारा तो खोका. तिनं त्यातली बटणं भसकन जमिनीवर ओतली, खोका पदरानं आतून पुसला आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन बसली. दार लागलं.

बाहेर दोन म्हातारे दाराला टेकून उभे. पावणेचार झाले होते. आतून आधी काही नाही, मग होल्डर निघाल्याचा करकर आवाज. मग पुन्हा काही नाही. फोटोग्राफरला तिचे हात दिसत नव्हते. कधीच दिसले नव्हते. बावीस वर्षं तो असाच बाहेर उभा राहून घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, आवर लवकर. आत ती काय करते, कसं करते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. अंधारात बसायला नको असं सांगितलं, तेव्हा ती का हसली तेही विचारलं नव्हतं. भरलेली चौकट हातात यायची आणि फोटो यायचा. एवढंच त्याला ठाऊक.

"सापडली?" त्यानं न राहवून विचारलं.

"गप्प बसा. बोलायचं नाही, हलायचं नाही."

सुतारदादानं तोंडावर हात धरला. दाराची फळी त्याच्या हसण्यानं हलायला लागली, तशी त्यानं ती दुप्पट जोरानं दाबली.

झाकण बसल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

"झाकण पुरतं बसलं?" फोटोग्राफरनं विचारलं.

"बसलं," आतून आवाज आला. "उघडा."

ती खोका छातीशी धरून बाहेर आली, घामानं चिंब. फोटोग्राफरनं तो दोन्ही हातांनी घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं. चाळीस वर्षांचं साठलेलं, एकदम कुठून काढणार?

"तुझ्या हातून एवढ्या वर्षांत एकही फिल्म गेली नाही," तो शेवटी म्हणाला. "मी कधी बोललो नाही. तुझ्याच जिवावर माझं सगळं काम झालं."

ती पदरानं मान पुसत होती. "एक गेली होती."

"कुठली?"

"आता कशाला?"

"अगं कुठली?"

"दादा, तुझी गाडी आली बघ," ती म्हणाली.

खरंच आली होती. सुतारदादा गडबडीत गाडीत बसला. काच खाली करून मेहुण्याचा हात त्यानं बराच वेळ धरून ठेवला. "दार टिकलं ना भावोजी?" एवढंच म्हणाला.

"टिकलं, दादा. तुमच्यामुळे टिकलं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून फिल्म धुतली. जुन्या फिल्मवर थोडं धुकं होतं, पण बहीणभाऊ स्वच्छ आले होते. दोन सारख्या हनुवट्या, बाकाची घासलेली कड, आणि बायकोचे डोळे कॅमेऱ्यावर असे रोखलेले, जणू ती आत्ता काहीतरी विचारणार आहे. फिल्मच्या काठावर, चिमटीच्या जागेजवळ, तिचा अंगठा उमटला होता.

"पुसट ठसा आहे," ती म्हणाली. "कापून टाका तेवढं."

"हात तर लावून बघ कुणी," तो म्हणाला, आणि फोटो काठासकट छापला.

आठ दिवसांनी फोन आला. सुतारदादाला फोटो मिळाला होता.

"चिमी आईसारखी दिसते हो," तो म्हणाला. मग लगेच, "बरं, इकडे थंडी फार आहे. माझा कोट?"

फोटोग्राफरनं जिन्याखाली बघितलं. कोट अजून बिजागरीपाशी, गुंडाळी करून, फट धरून बसला होता.