दारू सोडल्याचा तिसरा दिवस

बाबा खळ्यात काजूबिया वाळत घालत होते. दारू सोडून तिसरा दिवस होता. रवळनाथापुढे नारळ ठेवून त्यांनी शब्द दिला होता, आणि गावच्या डॉक्टरांनी पाठ थोपटून सांगितलं होतं, "शाबास! आता एक थेंबही नाही."

हात थरथरून बिया सांडत होत्या. "वायच घोटभर दी गो, हात रवनत नाय," बाबा मला म्हणाले.

"नारळ ठेयलात मा देवाकडे? गप रवा."

संध्याकाळी त्यांना झटके आले. इस्पितळात पोचेपर्यंत ते गेले होते.

वर्षभराने कुडाळात डॉक्टरांसाठी व्यसनांवरच्या उपचारांचं प्रशिक्षण होतं. नातेवाइकाचा अनुभव म्हणून मला जेवणाआधीची दहा मिनिटं मिळाली. आयोजक हळूच म्हणाले, "कुणाला दोष नको हं, मॅडम."

पाहुणे तज्ज्ञ समजावत होते : अनेक वर्षांची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, औषधं देऊन, लक्ष ठेवून ती सोडवावी लागते. एवढं सोपं होतं ते.

आमचे डॉक्टर दुसऱ्या रांगेतून म्हणाले, "सकाळी साठ पेशंट असतात. एवढं कोण बघत बसणार?" सगळे हसले.

मी उठले. लिहून आणलेला कागद उघडलाच नाही.

"डॉक्टर, त्या दिवशी बाबांनी माझ्याकडे दारू मागितली होती. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मला ती हाव वाटली. तुमच्याकडे आणायचं सोडून मी त्यांना देवाची भीती घातली. पण आणलं असतं, तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक होतं का?"