उभ्या गाडीची घाई

संघमित्रा तायडेने जन्मात कधी गाडी चालवली नव्हती, पण उभी गाडी कशी वागते यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. कारण ती वाढलीच मुळी जीपच्या पुढच्या सीटवर. वडील मोतीलाल, म्हणजे तिचे नाना, पहूर ते जळगाव काळीपिवळी चालवायचे आणि शाळेला सुट्टी लागली रे लागली की ही पोरगी त्यांच्या शेजारी चढून बसायची. आता ती जळगावला पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होती, विजेच्या स्कूटरवर फिरत होती आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या मोटारशर्यतीचा गेम तयार करत होती.

गेममध्ये सातपुड्याच्या घाटात जीपगाड्या पळायच्या. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला की इंजिन किती उचलतं आणि पाय काढून घेतला की उभ्या गाडीचं इंजिन कसं चालतं, एवढा भाग संघमित्राचा. काम जमलं तर नोकरी कायम, नाही जमलं तर परत पहूरला आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला.

म्हणून तिने कसूर म्हणून ठेवली नव्हती. पहूरला जाऊन नानांच्या जीपच्या बॉनेटखाली माइक बांधला. "नाना, गाडी नुसती चालू ठेवा," असं सांगून स्टँडवरच्या उभ्या जीपचं इंजिन मन लावून रेकॉर्ड केलं आणि त्याचा चढउतार, गाडीच्या पुढेमागे होण्यासकट, जसाच्या तसा गेममध्ये उतरवला. अगदी हुबेहूब. गावी घरात लॅपटॉपवर तो आवाज लावला, तर स्वयंपाकघरातून तिची आई भागाबाई पिशवी घेऊन धावत बाहेर आली. "थांबा हो, थांबा, आलीच मी!" म्हणत ती, नवऱ्याची जीप निघाली समजून, थेट रस्त्यावर. रस्ता रिकामा बघून ती लेकीवर भडकली, पण लेकीला वाटलं, याहून मोठं सर्टिफिकेट ते कोणतं?

पुण्याच्या नूतन मॅडमना मात्र हे सर्टिफिकेट चाललं नाही.

"संघमित्रा, तुझी जीप शर्यतीच्या रेषेवर गप्प उभीच राहत नाही," फोनवर मॅडम म्हणाल्या. "पेडलला कुणी हात लावत नाही, पाय लावत नाही, तरी ती मध्येच घुर्रर करते. हातभर पुढे जाते, हातभर मागे येते. शिट्टी व्हायच्या आधीच रेषा ओलांडते आणि बाद होते!"

"मॅडम, उभी गाडी अशीच असते."

"माझी नाही तशी."

"तुमची पेट्रोलवर चालते," संघमित्रा म्हणाली. आवाजात थोडी कीवही होती. बिचाऱ्या मॅडमना डिझेलचा स्वभाव काय ठाऊक!

लहानपणी तिने हाच प्रश्न नानांना विचारला होता. जीप भरायला वेळ लागायचा, उतारू घामाघूम होऊन बसलेले असायचे आणि इंजिन आपलं मिनिटामिनिटाला घुर्र-घुर्र करून पुढे झेपावायचं. "नाना, ही अशी काबरं करते?" नाना गंभीरपणे म्हणाले होते, "इंजिनले घाई असते, संघू. त्याले थांबनं जमत नाही." मागच्या सीटवरच्या उतारूंनीही माना डोलावल्या होत्या. बापाने सांगितलेलं, साक्षीदारांसमोर सांगितलेलं. पुढे ती भौतिकशास्त्रात पदवीधर झाली, पण त्या वाक्याला तिने कधी हात लावला नाही. देव्हाऱ्यातल्या वस्तूवर माणूस भिंग धरत नाही, तसलाच प्रकार.

मॅडम शेवटी म्हणाल्या, "वाद नको. पुन्हा रेकॉर्ड कर आणि या वेळी पेडलचा व्हिडिओही काढ. आज संध्याकाळपर्यंत हवं. नाहीतर जीप गेममधून काढावी लागेल. आणि मग तुला ठेवायचं कशासाठी, हे मला वर सांगता येणार नाही."

संघमित्रा तडक पहूरला पोचली. बाजाराचा दिवस होता. नानांचा नंबर नुकताच लागला होता आणि जीप निम्मी भरलीही होती. नंबर सोडून गाडी बाजूला घेतली की रांगेच्या शेपटाला जावं लागतं, तेव्हा इथेच उरकायचं ठरलं. तिने बॉनेटखाली माइक बांधला, नानांच्या पायाशी फोन अडकवला आणि म्हणाली, "नाना, नुसती चालू ठेवा."

"नुसतीच तं हाये," नाना म्हणाले आणि खिडकीतून ओरडू लागले, "चला जळगाव, जळगाव! निघालीच!"

तिने व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला. मग फोन नानांच्या नाकासमोर धरला.

व्हिडिओत नानांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलकेच थाप देत होता. दर थापेला घुर्रर. त्यासरशी डावा पाय क्लच जरासा सोडत होता, की गाडी हातभर पुढे; क्लच पुन्हा दाबला, की घरंगळत मागे. वर तोंड जळगाव-जळगाव करत होतं आणि खाली पाय आपला स्वतंत्र संसार करत होते.

"नाना, हा कोणाचा पाय?"

नानांनी आधी फोनकडे, मग पायाकडे बघितलं. चोर सापडावा आणि तो आपलाच भाऊ निघावा, असा त्यांचा चेहरा झाला. "आईशप्पथ संघू, मले माहीतच नाही तो चालू होता ते."

"आणि इंजिनले घाई असते म्हणे!"

नाना तिच्या कानाशी वाकले. "असं केल्याबिगर लोकं बसत नाहीत ना. गाडी हलली की त्याह्यले वाटते, निघालीच आता. तू तेव्हा बठ्ठ्या उतारूंसमोर विचारलं. खरं कसं सांगू?"

संघमित्राला हसावं की रडावं कळेना. पुण्याच्या मॅडमना आपण छातीठोकपणे डिझेलचा स्वभाव शिकवला, आणि तो स्वभाव निघाला बापाचा! लाजेने तिचे कान तापले. "नाना, माझी नोकरी जाईल. मॅडमला निव्वळ इंजिन पाहिजे. पाय काढा. मी सांगेपर्यंत पेडलला शिवायचं नाही."

"आता? गाडी भरू राह्यली ना!"

नानांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, गिअर काढला आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

जीप शांत झाली. बंद नव्हे, इंजिन सुरूच होतं, पण एका सुरात, पोट भरलेल्या म्हशीसारखं. संघमित्रा हा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकत होती आणि तो तिला आवडला.

उतारूंना मात्र नाही आवडला. आधी कुजबुज सुरू झाली. "काय झालं हो, मोतीलालभाऊ?" मग धुळ्याकडचे एक वनाआप्पा मोठ्याने म्हणाले, "हाई गाडी आज निंघत नई. उतरा बठ्ठा!" तेवढ्यात मागच्या नंबरच्या जगदीशने आपल्या जीपला एक सणसणीत घुर्रर दिला आणि हातभर पुढे घेतली. झालं! माणसं, पिशव्या, कोंबडीसुद्धा तिकडे गेली. नाना मांडी आवळून, दोन्ही हातांनी उजवा गुडघा दाबून बसले होते. कपाळावर घाम होता. जगदीशची भरलेली जीप धूळ उडवत निघून गेली, तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

"झालं, नाना," संघमित्रा म्हणाली. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण त्याच पायांचा रागही होता, म्हणून तिने त्यांचा खांदा धरला.

तिने पहूरच्या घरीच बसून आवाज गेममध्ये बसवला आणि पुण्याला पाठवला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. संघमित्राने आधी चूक कबूल केली, पाय, उतारू, सगळं सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की फोन ठेवून त्यांना पुन्हा लावावा लागला. मग म्हणाल्या, "जीप उत्तम उभी राहते. आणि पेडल दाबलं की नेमकी उचलते. पत्र उद्या पाठवते, कायमचं."

भागाबाईने लेकीचं तोंड गोड केलं आणि लगेच नवऱ्याकडे वळली, कारण इतकी वर्षं आपण कशापायी धावलो हे तिला आत्ता कळलं होतं. तिच्या तावडीतून सुटायला नाना लॅपटॉपसमोर येऊन बसले. पडद्यावर घाटाच्या तोंडाशी जीप शांत उभी होती. शिट्टी झाली. जीप उसळली, वळणामागून वळण घेत, दगड उडवत सुसाट गेली आणि सगळ्यांच्या पुढे शेवटची रेषा ओलांडून थांबली. लेकीने अभिमानाने वडिलांकडे बघितलं.

नाना वाकून पडद्यातल्या जीपच्या मागच्या सीटा न्याहाळत होते.

"संघू," ते काळजीने म्हणाले, "रिकामी गाडी एवढ्या जोरात नेली काबरं?"