सव्वाचारची भाकरी

धारवाडच्या ज्युबिली सर्कलला हुबळीहून येणाऱ्या चिगरी बसमधून उतरल्या उतरल्या सदाशिवरावांनी खिशातून फोन काढला, वत्सलाबाईंचा नंबर लावला आणि फोन कानाशी धरून चालू लागले. एक रिंग. दोन रिंगा. त्यांनी सवयीनं फोन कट केला, खिशात टाकला, आणि मग मात्र रस्त्याच्या मधोमध थबकले. मागून आलेल्या रिक्षावाल्यानं कन्नडात त्यांचा उद्धार केला, पण तो त्यांच्या कानात शिरला नाही. वत्सलाबाई मळमड्डीच्या घरात नव्हत्याच. तीन दिवसांपूर्वी त्या जर्मनीला पोचल्या होत्या, लेकीच्या, पल्लवीच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांकरता.

रिंगसुद्धा वेगळीच वाजली होती, लांबट आणि परकी. परदेशात फोन लागला म्हणजे आता काय भुर्दंड बसतोय, या धास्तीत त्यांची ती रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात आपल्या बटणांच्या दुकानाचं शटर वर करण्याआधी ते समोरच्या नागेशकडे गेले. नागेशचं मोबाइलचं दुकान. वत्सलाबाईंच्या बटणांच्या फोनवर परदेशातलं रोमिंग त्यानंच सुरू करून दिलं होतं. नेट नाही, काही नाही, नुसता अडीअडचणीला नंबर जिवंत राहावा म्हणून.

"अक्कांनी उचलला न्हाई न्हवं?" नागेशनं विचारलं.

"नाही."

"मग बिडरी अण्णा, सोडा की! उचलला तर पैसे. न्हाई उचलला तर जगात कुठंबी फुकट."

सदाशिवरावांनी मान हलवली आणि दुकानाकडे वळले. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा रिंग दिली. दोनच. तिसऱ्या दिवशीही दिली.

या दोन रिंगांना तीस वर्षांचा इतिहास होता. घरी पहिल्यांदा फोन आला तेव्हा ज्युबिली सर्कलला पानाच्या टपरीत लाल डब्याचा फोन असायचा. हुबळीहून बसनं आलं की सदाशिवराव त्यावरून घरी दोन रिंगा द्यायचे. पलीकडून कुणी उचललं नाही तर रुपया टाकावा लागत नसे, आणि वत्सलाबाईंनी उचलायचा नाही, हे ठरलेलंच होतं. दोन रिंगा म्हणजे मी उतरलो, तवा ठेव. मग पंधरा मिनिटं चालत घर. ते हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत तव्यावरची ज्वारीची भाकरी थेट ताटात यायची. पुढं टपरी गेली, लाल डबा गेला, दोघांच्या हातात मोबाइल आले, बोलणं पाण्यासारखं स्वस्त झालं, तरी यांच्या रिंगा दोनच राहिल्या. तीस वर्षांत तिकडून उत्तर म्हणून कधी फोन आला नव्हता. उत्तर ताटात असायचं.

आता ताटात खानावळीचा डबा होता. डबेवाला सातलाच फाटकाला अडकवून जायचा आणि नऊला उघडेपर्यंत भाकरीचं कातडं झालेलं असायचं. सदाशिवराव टीव्हीचा आवाज मोठा ठेवून जेवत. बातम्यांत त्यांना रस नव्हता, पण घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटे. घर खायला उठतं, असं लोक म्हणतात. त्यांचं घर काही खायला उठत नव्हतं. ते गप्प बसून त्यांच्याकडे बघत राही, आणि ते जास्त वाईट होतं. दिवसभरातली सगळ्यात बरी वेळ म्हणजे ज्युबिली सर्कल ते मळमड्डी ही पंधरा मिनिटं. त्या वेळात वाटायचं, पुढं कुणीतरी आहे.

रविवारी पल्लवीचा व्हिडिओ कॉल येई. बाळ झालं होतं, मुलगी. ती स्क्रीनभर असे.

"अप्पा, बघा, जांभई दिली! बघितलंत?"

"बघितलं, बघितलं."

वत्सलाबाई कोपऱ्यात कुठंतरी अर्ध्या दिसत, जावयाचा स्वेटर घालून.

"जेवलासा?" त्या विचारत.

"जेवलो."

"डबा बरा असतोय?"

"बरा असतोय की. तिकडं थंडी?"

"आहे की."

संपलं. पल्लवी आणि जावई मुकुल दोन्हीकडून ऐकत असताना याच्यापुढं काय बोलायचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. फोन ही त्यांच्या लेखी बोलायची वस्तूच नव्हती. रिंगांचा विषय वत्सलाबाईंनीही काढला नाही, सदाशिवरावांनीही नाही. तिकडं त्या ऐकू जातात की फोन कुठल्या पिशवीत तळाशी पडलेला असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. पण रिंग वाजत होती, तेवढं त्यांना पुरत होतं.

नोव्हेंबरच्या मध्याला एका संध्याकाळी ती वाजली नाही. एका बाईनं आधी कन्नडात आणि मग इंग्रजीत सांगितलं, की हा फोन बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सदाशिवराव ते वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग घरी जात. पंधरा मिनिटांचा रस्ता त्यांना तीन दिवसांत पोरका झाला.

रविवारी उलगडा झाला. वत्सलाबाई बाळाला गाडीतून फिरवायला बागेत गेल्या आणि रस्ता चुकल्या होत्या. अर्धा तास थंडीत उभ्या. घराबाहेर वायफाय नाही, फोनमध्ये नेट नाही, आणि विचारावं तर भाषा नाही.

"म्हणून मग मी माझा जुना स्मार्टफोन दिला त्यांना," मुकुल उत्साहानं सांगत होता. "इथलं सिम घातलं, वीस जीबी. आता आई ट्राममध्ये असोत, बागेत असोत, कायम कनेक्टेड! नकाशा लावून दिलाय, व्हॉट्सॲप लावून दिलंय. तुम्हीही कधीही फोन करा, अप्पा."

"छान झालं," सदाशिवराव म्हणाले. जावई गुणी होता, यात वादच नव्हता. "आणि... तो जुना? बटणांचा?"

"तो बंद करून कपाटात ठेवलाय."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात सदाशिवरावांचा हातखंडा नव्हता, तरी त्यांनी प्रयत्न केला.

"चालू असू दे की तो. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतोय तिच्या."

"नाही हो अप्पा," पल्लवी म्हणाली, "आईच्या खात्याला तुमचा नंबर आहे. मीच नाही का लावून दिला, गेल्या दिवाळीत?"

"असं होय. मग बरं झालं."

कोपऱ्यातल्या वत्सलाबाई बाळाचं दुपटं सारखं करत होत्या. सदुसष्ट वर्षांच्या माणसानं लेकीला आणि जावयाला कसं सांगायचं, की मी तुझ्या आईला रोज संध्याकाळी मिस्ड कॉल देतो? हसतील. हसले नाहीत तर 'किती गोड' म्हणतील, आणि ते त्याहून कठीण.

त्यांनी एकदा व्हॉट्सॲपवरून करून पाहिलं. ज्युबिली सर्कलला उतरून नेट चालू केलं, नव्या नंबरावर दोन रिंगा दिल्या आणि कट केलं. अर्ध्या मिनिटात त्यांचाच फोन वाजायला लागला, व्हिडिओसकट.

"अप्पा! काय झालं? कुठं आहात? बरं आहे ना सगळं?" पल्लवीचा चेहरा घाबरलेला होता. "आईला अजून कॉल घेता येत नाही नीट, म्हणून मीच बघितलं."

"काही नाही गं. चुकून बोट लागलं."

"घाबरवलंत की! आता आलाच आहात तर बाळाला बघा."

बसमधून उतरणाऱ्या लोकांचे धक्के खात त्यांनी दहा मिनिटं बाळाला बघितलं. त्यानंतर पुन्हा बोट लागू दिलं नाही. उतरायचं, फोन खिशातच ठेवायचा आणि चालायचं. आता घाई कशाचीच नव्हती. कधीकधी ते सर्कलवरच्या बाकावर बसून दोन-तीन बसगाड्या रिकाम्या होताना बघत आणि मग उठत.

आठवड्याभरानं, एका गुरुवारी, दुकानात एका शिंप्याला अस्तराचं कापड दाखवत असताना पल्लवीचा फोन आला. साधा, व्हिडिओशिवायचा. सदाशिवरावांनी शिंप्याला थांबायची खूण केली आणि मागच्या फळ्यांच्या आड गेले.

"अप्पा, आई खाली गेलीये बाळाला घेऊन, म्हणून बोलते," पल्लवी हळू आवाजात म्हणाली. "तुमचं आणि आईचं काही वाजलंय का?"

"आमचं? काय वाजणार आमचं?"

"मग तिचं काय बिनसलंय, कळत नाही. मला आधी वाटलं, बाळाच्या जागरणानं दमली. पण तसं नाही." पल्लवी थांबली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं, उगाच हसाल म्हणून. इथं आल्यापासून आईचं एक खूळ होतं. रोज दुपारी सव्वाचारला उठायची आणि भाकऱ्या करायला घ्यायची. दोनच. बाळ रडत असो, पाहुणे बसलेले असोत. एकदा तर धुरानं इथला भोंगा वाजला, शेजारचे धावत आले. आम्ही जेवतो सातला. मी म्हटलं, आई, अवेळी कशाला करतेस? तर म्हणायची, मला भूक लागते. आणि एकटीच ओट्यापाशी बसून खायची."

फळीवर कोट-बटणांचे डबे ओळीनं लावलेले होते. सदाशिवरावांनी एक डबा उगाच पुढं ओढला आणि परत मागं सारला. जर्मनीतले सव्वाचार म्हणजे धारवाडचे पावणेनऊ, हा हिशेब त्यांना करावा लागला नाही. तो त्यांनी महिनाभर रोज केला होता.

"आणि आता गेले दहा-बारा दिवस झाले, तवाच काढलेला नाही," पल्लवी सांगत होती. "चार वाजले की खिडकीपाशी जाऊन बसते, तो नवा फोन मांडीवर घेऊन. बाहेर चारलाच अंधारायला लागतं इथं. दिवाही लावत नाही. भाकरी नाही केलीस का विचारलं, तर म्हणते, भूकच मेली. डॉक्टरला दाखवू का, अप्पा?"

इतके दिवस आपण एकटेच, असं सदाशिवरावांनी धरलं होतं, आणि तिला सोबत लेक, जावई, नात. आपल्या दोन रिंगा ऐकून ती तिकडं परमुलखात तवा ठेवत होती आणि आपल्या वाटणीची भाकरीही तीच खात होती, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पीठ आहे का शिल्लक?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ज्वारीचं पीठ. घेऊन गेली होती ती."

"आहे की, निम्मी पिशवी. पण मी काय विचारतेय आणि तुम्ही..."

"ऐक पल्लवी." त्यांनी पाठ दुकानाकडे केली, कारण शिंपी इकडंच बघत होता आणि कान लाल झालेले त्यांचे त्यांनाच कळत होते. "आज सव्वाचारला तिच्या नव्या फोनवर माझी रिंग येईल. दोनदा वाजेल आणि थांबेल. रोज येईल. ती कुणी उचलायची नाही. परत फोन करून काय झालं म्हणून विचारायचंही नाही. फोन तिच्या हाताशी असू दे, बस."

"म्हणजे काय, अप्पा?" पल्लवीनं विचारलं, पण तिचा आवाज बदलला होता.

"तिला कळतंय," सदाशिवराव म्हणाले. "डॉक्टर नको."

संध्याकाळी त्यांनी दुकान वेळेवर बंद केलं. नागेशकडून फोनमधल्या नेटचा पॅक बघून घेतला, पुन्हा एकदा बघून घेतला. बस नवलूरच्या पुढं आली तसे ते उठून दाराशी उभे राहिले. ज्युबिली सर्कलला उतरले, बाकावर बसले नाहीत. नव्या नंबरावर वत्सलाबाईंचा फोटो होता, मुकुलनं बागेत काढलेला, त्यात त्या बावरल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी बटण दाबलं. एक रिंग. दोन रिंगा. कट केलं.

फोन हातात धरूनच ते काही पावलं चालले. कुणी परत फोन केला नाही. मग तो खिशात टाकून ते मळमड्डीच्या वाटेला लागले, ना भरभर, ना रेंगाळत, पंधरा मिनिटांच्या नेमक्या चालीनं.

घरी आल्यावर त्यांनी फाटकाचा डबा काढला, दिवे लावले, हातपाय धुतले. टीव्ही लावला नाही. किती तरी दिवसांनी तवा खाली काढून गॅसवर ठेवला आणि खानावळीच्या भाकऱ्या दोन्ही बाजूंनी शेकल्या. एकीची कड करपली. ताट वाढून घेतलं, पाटावर बसले, पण पहिला घास तोडला नाही. फोन शेजारी जमिनीवर ठेवला होता.

सव्वानऊच्या सुमाराला तो वाजला. वत्सलाबाईंचा बावरलेला फोटो उजळला. एक रिंग. सदाशिवरावांचा हात आपोआप पुढं गेला आणि मधेच थांबला. दुसरी रिंग. मग फोन आपला आपणच गप्प झाला.

उचलायचा नसतोच तो. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.